न्यायालयातील फौजदारी नोंदी : शोध, अर्थ आणि मर्यादा



म्हैसूर शहराच्या वायव्येस, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसराला लागून जयलक्ष्मीपुरम ही जुनी, शांत वसाहत आहे. शिक्षणासाठी, संशोधनासाठी आणि नोकरीसाठी बाहेरगावाहून येणारी मंडळी येथे खोल्या शोधतात. त्यांत महाराष्ट्रातून आलेलेही असतात. असे समजा, की येथील एका निवृत्त शिक्षकाला घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे आणि सांगलीहून आलेल्या एका तरुणाने विचारणा केली आहे. तरुण सालस दिसतो, पण त्याच्या नावावर एखादा गंभीर फौजदारी खटला आहे, असे कोणीतरी घरमालकाच्या कानावर घातले. आता प्रश्न असा, की हे खरे की खोटे ते घरमालकाने कोठे पाहावे? आणि जे सापडेल त्याचा अर्थ कसा लावावा?

वरवर पाहता हा एका घरापुरता प्रश्न आहे. परंतु कर्ज देणारी बँक, कामगार नेमणारा उद्योजक, उमेदवार निवडणारा मतदार आणि शासकीय सेवेत भरती करणारे खाते या सर्वांपुढे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा असतो. म्हणून न्यायालयातील नोंदी कशा शोधाव्यात याची माहिती ही केवळ वकिलांची गरज नाही. ती नागरिकत्वाची प्राथमिक गरज होय.

गंभीर गुन्हा म्हणजे काय?

अमेरिकेतील कायद्यात गुन्ह्यांचे ‘फेलनी’ आणि ‘मिसडिमीनर’ असे दोन ढोबळ वर्ग आहेत. एक वर्षाहून अधिक कारावासास पात्र असलेला गुन्हा सामान्यतः पहिल्या वर्गात मोडतो. इंग्लंडमध्येही हा भेद होता, तो १९६७ च्या कायद्याने संपुष्टात आला. भारतीय कायद्याने हे वर्गीकरण स्वीकारलेले नाही. येथे गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि कोणत्या न्यायालयात चालणारा, या तीन कसोट्या लावल्या जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक गुन्ह्यापुढे ही माहिती दिलेली आहे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास देता येतो. खुनासारखे गुन्हे केवळ सत्र न्यायालयातच चालतात. ‘फेलनी’च्या सर्वांत जवळचा भारतीय प्रकार सांगायचा झाल्यास सत्र न्यायालयात चालणारा खटला असे म्हणता येईल. परंतु फसवणुकीसारखे बरेच गंभीर गुन्हे दंडाधिकाऱ्यांपुढे चालत असल्याने शोध घेताना दोन्ही पातळ्या पाहाव्या लागतात.

कायदा बदलल्याचा परिणाम शोधावरही होतो. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिता लागू राहते. त्यानंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू होते. जुन्या नोंदीत फसवणुकीपुढे कलम ४२० दिसेल, नव्या नोंदीत कलम ३१८ दिसेल. खुनाचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. एकाच गुन्ह्याची नोंद दोन वेगवेगळ्या आकड्यांखाली सापडते, हे परीक्षार्थींनीच नव्हे तर शोध घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावयास हवे.

एक खटला, अनेक क्रमांक

फौजदारी प्रकरणाचा प्रवास पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. प्रथम खबर नोंदली की तिला ठाण्याचा गुन्हा क्रमांक मिळतो. तपास पूर्ण झाल्यावर दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यांपुढे दाखल होते, तेथे खटल्याला न्यायालयाचा क्रमांक मिळतो. गुन्हा सत्र न्यायालयात चालणारा असल्यास दंडाधिकारी तो वर्ग करतात आणि तेथे त्याला सत्र खटल्याचा तिसरा क्रमांक मिळतो. शिक्षेविरुद्ध अपील झाले तर उच्च न्यायालयात चौथा. शोध अर्ध्यावर थांबतो तो बहुधा यामुळेच. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात ‘निकाली’ असे लिहिलेले दिसते आणि पाहणाऱ्याचा समज होतो, की प्रकरण मिटले. प्रत्यक्षात ते केवळ वरच्या न्यायालयाकडे गेलेले असते.

तपासाअंती खटलाच उभा राहिला नाही, असेही घडते. महाराष्ट्रात अशा वेळी पोलीस ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरीचा अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’, तक्रार द्वेषमूलक व खोटी असल्यास ‘ब’, आणि ती गैरसमजातून झाली असल्यास ‘क’. कर्नाटकात मात्र आरोपी न सापडलेल्या प्रकरणाला ‘सी’ अहवाल म्हणतात आणि तथ्य न आढळलेल्या तक्रारीला ‘बी’ अहवाल. अक्षरांच्या या खुणा राज्य ओलांडताच अर्थ बदलतात. सांगलीची समजूत म्हैसुरात लावली तर निष्कर्ष चुकतो.

शोध कोठून सुरू करावा?

जयलक्ष्मीपुरममधील घरमालकाची पहिली चूक बहुधा जागेची असते. तो म्हैसूरच्या न्यायालयांत तरुणाचे नाव शोधतो, काहीच सापडत नाही, आणि निश्चिंत होतो. फौजदारी खटला सामान्यतः जेथे गुन्हा घडला तेथील न्यायालयात चालतो. तरुणाच्या राहत्या पत्त्याशी त्याचा संबंध नसतो. सांगलीच्या तरुणाविषयी विचारायचे तर प्रथम सांगली जिल्हा पाहावा, मग जेथे त्याने शिक्षण घेतले वा नोकरी केली ती ठिकाणे. नागरिकाला संपूर्ण देशाच्या जिल्हा न्यायालयांत एकदम नाव शोधता येईल अशी सोय ई-कोर्ट्स सेवेत नाही. राज्य, जिल्हा आणि न्यायालय-संकुल निवडूनच पुढे जावे लागते.

ही सेवा उभी राहण्यास दोन दशके लागली. न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती २००४ च्या अखेरीस स्थापन झाली. ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये, दुसरा २०१५ मध्ये सुरू झाला. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. प्रलंबित व निकाली खटल्यांची आकडेवारी दाखवणारा राष्ट्रीय न्यायिक माहिती संग्रह २०१५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि त्यांत फौजदारी प्रकरणांचा वाटा फार मोठा आहे, हे या संग्रहावरून कोणालाही पडताळता येते.

ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरची दोन चिन्हे न्यायालयाच्या आस्थापनेची, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष. हा क्रमांक हाती असेल तर शोध क्षणात होतो. नसेल तर पक्षकाराचे नाव व वर्ष, खटल्याचा क्रमांक, पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा कायद्याचे कलम यांपैकी काहीही वापरता येते. जिल्ह्याच्या मुख्यालयाबरोबर तालुका न्यायालयेही स्वतंत्रपणे पाहावी लागतात. म्हैसूर जिल्ह्यात नंजनगुड वा हुणसूर येथील खटला म्हैसूर शहराच्या संकुलात दिसणार नाही. गुन्हा क्रमांक माहीत असल्यास त्यावरून घेतलेला शोध सर्वांत भरवशाचा, कारण त्यात नावाच्या अक्षरांचा घोळ नसतो.

नावाचा घोळ हा किरकोळ विषय नाही. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. जुन्या म्हैसूर भागात गावाचे वा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावून व्यक्तीचे नाव लिहितात. आडनाव असेलच असे नाही. महाराष्ट्रातील खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, कर्नाटकातील कन्नड, आणि संगणकातील नोंद बहुधा रोमन लिपीत. एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते. त्यामुळे शोध रिकामा आला म्हणजे नोंद नाही असे होत नाही, आणि नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असेही होत नाही. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता निकालपत्राच्या किंवा दोषारोपपत्राच्या शीर्षभागाशी ताडून पाहिल्याखेरीज ओळख पटली असे मानणे हा उतावीळपणा ठरतो.

कागद पाहण्याचा हक्क

न्यायदान उघड्या न्यायालयात व्हावे हे आपल्या व्यवस्थेचे मूळ सूत्र आहे. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ते ठामपणे मांडले. मुंबई उच्च न्यायालयात एका साक्षीदाराच्या जबानीच्या प्रसिद्धीवर घातलेल्या बंदीतून हे प्रकरण उद्भवले होते. न्यायहितासाठी आवश्यक तेव्हा प्रसिद्धी रोखण्याचा न्यायालयाचा अधिकार पीठाने मान्य केला, पण उघडी सुनावणी हा नियम आणि बंद दार हा अपवाद, ही चौकट कायम ठेवली.

मात्र सुनावणी पाहण्याचा हक्क आणि कागदांची नक्कल मिळवण्याचा हक्क यांत अंतर आहे. आरोपीला दोषारोपपत्र व जबाबांच्या प्रती विनामूल्य मिळतात. निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो त्याला शुल्क भरून नक्कल मिळते. खटल्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीला नक्कल द्यावी की नाही, हे उच्च न्यायालयाच्या नियमांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाचे फौजदारी मॅन्युअल आणि कर्नाटकात १९६८ चे फौजदारी कार्यपद्धती नियम हे त्याचे आधार होत. व्यवहारात नक्कल विभागाकडे अर्ज करावा लागतो, त्यावर न्यायालयीन शुल्काचे तिकीट लावावे लागते आणि त्रयस्थ अर्जदाराला कारण नमूद करावे लागते. हा मार्ग टाळून माहिती अधिकाराखाली न्यायालयाचे कागद मागता येतील काय? मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर नकारार्थी दिले. न्यायालयाच्या नियमांत सोय असताना तिचाच अवलंब करावा, असा त्याचा आशय आहे.

पोलिसांच्या कागदांची स्थिती वेगळी आहे. प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. दोषारोपपत्रे मात्र अशी सर्वांसाठी खुली करता येणार नाहीत, असे याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. पोलीस ठाण्यातील गुन्हेगारी पूर्ववृत्ताची पत्रके ही तर केवळ अंतर्गत वापराची असतात. ती न्यायालयाची नोंद नव्हे, हा भेद विसरू नये.

काही दारे कायद्याने मुद्दाम बंद ठेवली आहेत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही ती नोंद पोलिसांनी उघड करावयाची नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये एका पित्याच्या विनंतीवरून, मिटलेल्या वादाच्या आदेशातील त्याच्या मुलीचे नाव महाजालावरील शोधात येऊ नये यासाठी काळजी घेण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणाचा हक्क मूलभूत ठरला. उघडेपणा आणि खाजगीपणा यांतील सीमा अजून आखली जात आहे.

नोंदीचे अर्थशास्त्र

एका पक्षाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा स्थितीत बाजार कसा बिघडतो याचे विवेचन जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये केले. स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाईट माल ओळखता येत नसेल तर ग्राहक सगळ्याच मालाला कमी भाव देतो. घरमालकाचेही तसेच होते. कोण विश्वासू हे कळत नसेल तर तो ‘बाहेरगावचा नको’, ‘अमुक जातीचा नको’ असा सोपा नियम करतो.

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलका आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंद नसलेल्या गोऱ्या अर्जदारांपैकी ३४ टक्क्यांना, तर नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलावले. कृष्णवर्णीयांत हेच प्रमाण १४ आणि ५ टक्के होते. म्हणजे स्वच्छ नोंदीच्या कृष्णवर्णीयाची स्थिती नोंद असलेल्या गोऱ्यापेक्षा वाईट होती. पुढे अनेक राज्यांनी अर्जातून गुन्ह्याविषयीचा प्रश्नच काढून टाकला. तेव्हा अगन आणि स्टार या संशोधकांना न्यू जर्सी व न्यूयॉर्क शहरात असे आढळले, की प्रश्न काढल्यानंतर गोऱ्या व कृष्णवर्णीय अर्जदारांना मिळणाऱ्या प्रतिसादातील तफावत ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. माहिती मिळेनाशी झाल्यावर मालकांनी वर्णावरून अंदाज बांधला.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिच्या जन्माचीच नोंद केली. त्याखाली नोंदलेल्या जमातींच्या माणसांना हजेरी लावावी लागे. सोलापुरातील ‘सेटलमेंट’ हे नाव त्या काळाची खूण म्हणून उरले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या, पण संशय गेला नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात पूर्ववृत्त पत्रकांविषयी आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कारागृहांतील जातीच्या रकान्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला जे सांगावे लागले, त्यावरून हे दिसते. पारधी वा कैकाडी समाजातील तरुण खोली मागायला जातो, तेव्हा त्याचे संरक्षण अफवेने होत नाही आणि नोंदी दडवल्यानेही होत नाही. ‘या व्यक्तीवर खटला नाही’ किंवा ‘खटला होता, त्यातून निर्दोष मुक्तता झाली’ हे सांगणारी पूर्ण, अद्ययावत नोंदच त्याच्या बाजूने उभी राहू शकते.

अपुरी नोंद मात्र अफवेइतकीच घातक ठरते. प्रथम खबर एका दिवसात संकेतस्थळावर येते, मुक्ततेचा निकाल वर्षांनी येतो. उच्च न्यायालयाने खटला रद्द केल्याचा आदेश जिल्ह्याच्या पानावर नव्हे, उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधावा लागतो. आरोप सर्वांना दिसतो आणि निकाल कोणी पाहत नाही. यातून होणारे नुकसान हे कोणत्याही ताळेबंदात न येणारे, पण खरे आर्थिक नुकसान आहे. गेलेली नोकरी, न मिळालेली खोली, नाकारलेले कर्ज हे त्याचे रूप होय.

उमेदवाराची स्वतःची नोंद

लोकप्रतिनिधित्वाच्या क्षेत्रात या नोंदींनी मोठे काम केले आहे. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला, आणि तेव्हापासून निवडणुकीचा उमेदवार आपल्यावरील खटले शपथपत्रात नमूद करतो. ते शपथपत्र न्यायालयाच्या नोंदीशी ताडून पाहणे आज कोणत्याही मतदाराला शक्य आहे.

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला मात्र हीच कसोटी स्वतःला लावावी लागते. निवड झाल्यावर भरावयाच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, दोषसिद्धी यांविषयी प्रश्न असतात. महाविद्यालयीन काळातील एखादे आंदोलन, गावातील भांडण, बेकायदा जमावाचा गुन्हा यांत आपले नाव आहे हे अनेकांना ठाऊकच नसते, किंवा ते ‘मिटले’ असे घरच्यांनी सांगितलेले असते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जुलै २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याबाबतची तत्त्वे एकत्र मांडली. माहिती खरी द्यावी, दडवू नये हे पहिले. तरुण वयातील क्षुल्लक गुन्हा नियोक्ता दुर्लक्षित करू शकतो हे दुसरे. खरी माहिती दिली तरी नियोक्त्याला पूर्ववृत्त तपासून निर्णय घेता येतो, पण त्याने सर्व परिस्थितीचा विचार केला पाहिजे, हे तिसरे. जाणूनबुजून अनेक प्रलंबित खटले लपवणे हे स्वतंत्रपणे गंभीर मानले जाते. थोडक्यात, लहान खटल्याने जी नोकरी कदाचित गेली नसती, ती तो लपवल्याने जाऊ शकते.

म्हणून परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयांत स्वतःचे नाव एकदा शोधून पाहावे. नोंद आढळल्यास तिचा शेवट शोधावा आणि निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवावी. परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ चा किंवा बाल न्याय अधिनियमाचा लाभ मिळालेला असल्यास तो आदेश जपून ठेवावा. प्रश्नाचे शब्द नीट वाचूनच उत्तर लिहावे. ‘दोषी ठरला आहात काय’ आणि ‘कधी खटला झाला आहे काय’ या दोन प्रश्नांची उत्तरे भिन्न असू शकतात.

पुन्हा जयलक्ष्मीपुरमकडे वळू. घरमालकाने सांगलीची नोंद शोधली आणि तरुणाच्या नावाचा एक खटला सापडला असे मानू. तेवढ्यावर त्याने दार लावून घेतले तर नोंद पाहून काहीच साधले नाही. वडिलांचे नाव जुळते काय, कलम कोणते, दंडाधिकाऱ्यांकडून प्रकरण पुढे गेले काय, अंतिम आदेश काय, हे त्याने पाहावे, आणि शेवटी त्या तरुणालाच विचारावे. तरुणाने मुक्ततेच्या निकालाची नक्कल पुढे ठेवली तर ती वाचण्याइतका धीर घरमालकापाशी असावा. ई-कोर्ट्सचा तिसरा टप्पा नोंदी अधिक जलद व अधिक जोडलेल्या करील अशी अपेक्षा आहे. पण नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय नागरिकांनाच लावून घ्यावी लागेल, आणि उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ती अपेक्षा अधिक आहे. कारण चारित्र्य पडताळणीचे असे कागद त्यांच्याच टेबलावर येणार आहेत.